पाव तासाचे अडीचशे शब्द

१८८३ साली, ग्रंथकर्त्याला निवर्तून पुरते वर्षही झालेले नसताना, अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यातील ज्या मजकुराने रसिकजनांच्या भुवया उंचावल्या तो कोणा प्रेमप्रकरणाचा अथवा धर्मविषयक बंडखोरीचा नसून निव्वळ जमाखर्चाचा होता. कोणत्या पुस्तकाचे आपणास किती द्रव्य मिळाले याची कलमवार यादी या गृहस्थाने खुशाल छापून टाकली होती, आणि तिची बेरीज ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स अशी चोख मांडून दाखविली होती. एवढ्यावर ते थांबले असते तरी लोकांनी सोसले असते. परंतु आपण रोज पहाटे साडेपाचाला मेजाशी बसतो, खिशातले घड्याळ काढून समोर ठेवतो, दर पाव तासाला अडीचशे शब्द कागदावर उतरलेच पाहिजेत असा आपला शिरस्ता आहे, आणि स्फूर्तीची वाट पाहत बसणारा लेखक हा जोडा शिवण्यासाठी स्फूर्तीची वाट पाहणाऱ्या मोच्याइतकाच हास्यास्पद होय, हेही त्यांनी विनासंकोच सांगितले. ट्रॉलपच्या कीर्तीला पुढे जी ओहोटी लागली तिच्या कारणांत या कबुलीजबाबाची गणना पुष्कळदा केली जाते. ज्याने सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिल्या त्याने त्या कशा लिहिल्या हे सांगितले, तेव्हा वाचकांना त्या वाचाव्याशा वाटेनाशा झाल्या, असा हा चमत्कारिक प्रकार आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते या प्रकरणात वाचकांची समजूत चुकली, आणि तीत ट्रॉलप यांचाही थोडा दोष आहे. त्यांनी घड्याळाची हकीकत इतक्या ठसक्यात सांगितली की त्याच पुस्तकात आधी येऊन गेलेली दुसरी एक हकीकत, जी या साऱ्या गूढाची किल्ली आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून निसटली. ती किल्ली हाती घेण्यासाठी या गृहस्थाच्या बालपणापासून आरंभ करणे प्राप्त आहे.

ट्रॉलप यांचा जन्म २४ एप्रिल १८१५ रोजी लंडनला झाला. वडील बॅरिस्टर, विद्वान, आणि हातात घेतलेले प्रत्येक काम बुडविण्याची विलक्षण हातोटी असलेले. वकिली बसली, मग शेती करावयास घेतली तीही बुडाली, आणि अखेरीस एका अवाढव्य धार्मिक कोशाच्या संकलनात ते आयुष्याची उरलेली वर्षे घालवीत राहिले. हॅरो आणि विंचेस्टर या दोन प्रतिष्ठित शाळांतून मुलाचे शिक्षण झाले खरे. पण हॅरोला श्रीमंतांच्या वसतिगृहवासी मुलांत हा शेतघरातून चिखल तुडवीत पायी येणारा, मळक्या कपड्यांचा, फी थकलेला मुलगा. त्याला कोणी खेळावयास घेत नसे. मध्यंतरी आई पोटापाण्याच्या उद्योगासाठी अमेरिकेला गेली, तेव्हा सुट्टीत वडिलांच्या लिंकन्स इन येथील अंधाऱ्या कचेरीवजा खोल्यांतून एकट्याने भटकावे आणि दुसरे काही करमणुकीचे नाही म्हणून दोन स्तंभांत बारीक छापलेला शेक्सपिअर उघडून बसावे, असा त्याचा दिनक्रम असे.

शेतघरात तर पुस्तकांचा दुष्काळच होता. फेनिमोर कूपर या अमेरिकन कादंबरीकाराच्या ‘द प्रेअरी’ या तीन खंडांच्या कादंबरीचे पहिले दोन खंड तेवढे त्या घरात होते, बहुधा कोणत्याशा वर्गणीच्या वाचनालयातून येऊन परत न गेलेले. ते दोन खंड त्या मुलाने कितीदा वाचले याची गणती त्याची त्यालाच राहिली नाही. तिसरा खंड मात्र नव्हता. कथा जेथे उकलावयाची तेथेच पुस्तक संपते, आणि पुढचे सारे ज्याचे त्याने मनात रचावयाचे. या वाचनाचा परिणाम काय झाला हे ट्रॉलप यांनी स्वतः सांगितलेले नाही. पण पुढे हाच लेखक ‘बार्चेस्टर टॉवर्स’ या कादंबरीत मध्येच थांबून वाचकाला सांगतो, की अमक्या विधवेचा तमक्या लबाड पाद्र्याशी विवाह होणार नाही, तेव्हा जीव टांगणीला लावू नका, आणि शेवट आधी कळल्याने जिची गोडी जाते ती कथा मुळात कसली! हे वाचताना ज्याला लहानपणी तिसरा खंड मिळाला नाही त्यानेच मोठेपणी आपल्या तिसऱ्या खंडातील गुपित असे उधळून टाकावे, यात काही तरी संगती असावी असे वाटल्याखेरीज राहत नाही.

आता ती किल्ली. खेळगडी नाहीत आणि पुस्तके नाहीत, अशा स्थितीत हा मुलगा मनोराज्ये करू लागला. मनोराज्य कोण करीत नाही? परंतु याच्या मनोराज्याला कायदेकानू होते. एकच कथा तो मनात आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने, कधी वर्षभरही चालवीत असे. काल जेथे सोडली तेथूनच आज पुढे न्यावयाची, मागच्या भागाशी विसंगत असे काही पुढे येऊ द्यावयाचे नाही, आणि व्यवहारात जे घडणे अशक्य ते कथेतही घडू द्यावयाचे नाही. नायक अर्थात स्वतःच, पण त्याने राजा किंवा उमराव व्हावयाचे नाही, प्रकांड पंडितही व्हावयाचे नाही. तो फार तर चतुर असावा, स्त्रियांना प्रिय असावा, आणि मनाचा चांगला असावा. पुढील आयुष्यात आपण स्वतःला त्या कथांतून वजा केले एवढाच काय तो फरक, ही सवय नसती तर आपल्या हातून एकही कादंबरी झाली असती की नाही याची शंकाच वाटते, असे त्यांनी नमूद केले आहे. पाव तासात अडीचशे शब्द लिहिणाऱ्या माणसाने ते शब्द त्या पाव तासात शोधले असतील हा भ्रम येथे दूर व्हावा. घोड्यावरून दौरा करताना, शिकारीला जाताना, रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या पात्रांशी त्यांचा सहवास अखंड चालू असे. पहाटेच्या तीन तासांत त्या सहवासाची नोंद व्हावयाची, इतकेच.

घड्याळाची शिस्त मात्र त्यांना उपजत नव्हती. १८३४ साली, एकोणिसाव्या वर्षी, लंडनच्या मुख्य टपाल कचेरीत सालीना ९० पौंड तनख्यावर कारकून म्हणून त्यांची नेमणूक झाली, तेव्हा परीक्षा म्हणून वर्तमानपत्रातला उतारा नकलून काढावयास सांगितले असता त्यांनी शाईचे डाग पाडून ठेवले होते. पुढील सात वर्षांत उशिरा हजर होणारा, वरिष्ठांच्या मर्जीतून उतरलेला, सावकाराच्या तगाद्याने बेजार झालेला कारकून हीच त्यांची ख्याती होती. वाचन मात्र या काळात वाढले. ऑस्टिनबाईंची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही इंग्रजीतली सर्वश्रेष्ठ कादंबरी असा त्यांनी याच सुमारास निकाल दिला. पुढे स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ दुसऱ्यांदा वाचल्यावर त्या निकालाला थोडा धक्का बसला, आणि थॅकरेची ‘हेन्री एस्मंड’ निघाल्यावर तो त्यांनी कायमचा फिरविला.

उद्योगाचा धडा त्यांना मिळाला तो आईपासून. फ्रान्सिस ट्रॉलप यांचे पहिले पुस्तक, अमेरिकन लोकांच्या घरगुती चालीरीतींचे, १८३२ साली निघाले तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. १८३४ मध्ये सावकारांना चुकवून सारे कुटुंब बेल्जममधील ब्रूज शहरी पळून गेले. तेथे एका खोलीत क्षयाने अंथरुणाला खिळलेला मुलगा आणि दुसरीत खंगत चाललेला नवरा, अशा घरात ही बाई रात्ररात्र शुश्रूषा करून मधल्या वेळात कादंबऱ्या लिहीत असे, कारण घराचा चरितार्थ त्यांवरच चाले. औषधाच्या बाटल्यांशेजारी दौत. त्यांचा पहाटे चारला उठण्याचा परिपाठ होता, आणि घरातील माणसे जागी होईपर्यंत त्यांचे दिवसाचे लिखाण हातावेगळे झालेले असे. मुलगा आणि पती दोघेही पाठोपाठ गेले. बाईंची लेखणी थांबली नाही. ज्याने ही लेखणी घरात चालताना पाहिली त्याला स्फूर्तीच्या गोष्टी पटणे कठीणच होते.

१८४१ साली ट्रॉलप यांनी आयर्लंडात बदली मागून घेतली आणि तेथे त्यांचे नशीब पालटले. टपालखात्याच्या निरीक्षकाचा कारकून म्हणून गावोगाव फिरावे, दप्तरे तपासावी, रयतेच्या तक्रारींची चौकशी करावी, असे हे काम. ड्रम्सना या गावी एका पडक्या हवेलीचे अवशेष पाहून पहिल्या कादंबरीची कल्पना सुचली, आणि १८४३ मध्ये आरंभिलेले ते लिखाण दोन वर्षे रेंगाळले. १८४७ साली निघालेल्या त्या पुस्तकाने एक पैचीही प्राप्ती करून दिली नाही. पुढे पश्चिम इंग्लंडात खेडोपाडी टपालवाटपाची व्यवस्था लावण्याच्या कामगिरीवर असताना ते घोड्यावरून दिवसाला चाळीस चाळीस मैलांची रपेट करीत. चॅनल बेटांकडे गेले असता रस्त्याच्या कडेला लोखंडी टपालपेट्या उभ्या कराव्या अशी शिफारस त्यांनी केली, आणि १८५२ साली जर्सी बेटावर त्या उभ्या राहिल्या. साहित्याच्या इतिहासाने त्यांच्याविषयी काहीही म्हणो, त्या बेटांवरील कोपऱ्याकोपऱ्यावर त्यांचे नाव निघावयास हरकत नाही. याच दौऱ्यात सॉल्झबरीच्या प्रार्थनामंदिराभोवती उन्हाळ्यातल्या एका सायंकाळी फेरफटका मारताना ‘द वॉर्डन’ या कथेचे बीज मनात पडले आणि बार्सेटशायर या काल्पनिक परगण्याची स्थापना झाली.

नोकरीतल्या या भटकंतीतूनच त्यांची लेखनरीत घडली. दिवसाचा बराच भाग आगगाडीच्या डब्यात जातो आणि तो वाचण्यात फुकट घालविण्यापेक्षा लिहिण्यात का घालवू नये, असा विचार करून त्यांनी मांडीवर ठेवण्याजोगी एक लहान पाटी करवून घेतली, आणि तिच्यावर कागद ठेवून शिसपेन्सिलीने ‘बार्चेस्टर टॉवर्स’चा मोठा भाग लिहून काढला, घरी आल्यावर पत्नी रोझ त्याची शाईने स्वच्छ नक्कल करीत. समोरच्या चार-पाच उतारूंदेखत लिहीत बसणे म्हणजे आपण ग्रंथकार असल्याचे प्रदर्शन मांडणे, असा संकोच आरंभी त्यांना वाटे, पण लवकरच तो मोडला. ही कादंबरी १८५७ साली निघाली.

त्यांचा रोजनामा पाहण्याजोगा आहे. तो आजही ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे. नवी कादंबरी आरंभिताना ते एक वही आखीत, तीत आठवड्यांचे रकाने पाडीत, आणि दररोज किती पाने झाली याची नोंद करीत. पान म्हणजे अडीचशे शब्दांचे, आणि शब्द ते खरोखरच मोजीत; कारण पान हा शब्द ढिला आहे, त्याच्या आड आळस लपू शकतो, हे त्यांना ठाऊक होते. आठवड्याची सरासरी चाळीस पाने. कधी वीसवर घसरे, तर एकदा एकशेबारापर्यंत चढली होती. आठवडा कोरा गेला तर तो कोरा रकाना डोळ्यांना सलत राही. एखाद्या तालुक्याच्या कचेरीत मुरलेल्या फडणिसाने आपल्या वसुलाचा पट ठेवावा तशातलाच हा प्रकार असला, तरी एक भेद ध्यानात घ्यावा: येथे वसूल मागणारा आणि देणारा एकच होता, आणि कसूर झाल्यास दंड करणारा दुसरा कोणी नव्हता.

१८५९ पासून बारा वर्षे ते लंडनलगतच्या वॉल्टम क्रॉस येथे राहिले. तेथील व्यवस्था अशी होती, की एका म्हाताऱ्या मोतद्दाराला वर्षाला पाच पौंड जादा देऊन पहाटे कॉफीसह उठविण्याचे काम सोपविले होते, आणि इतक्या वर्षांत त्या इमानी माणसाने एकदाही हयगय केली नाही. आपल्या यशात त्याचा वाटा इतर कोणाहूनही अधिक आहे असे ट्रॉलप म्हणत, आणि ते केवळ विनोदाने नव्हे. मेजाशी बसल्यावरचा पहिला अर्धा तास लिहिण्याचा नसून वाचण्याचा असे: काल लिहिलेले सारे पुन्हा वाचावयाचे, शब्दांचा नाद कानाला कसा लागतो ते पाहावयाचे, आणि त्याच लयीत पुढे निघावयाचे. घड्याळ सुरू व्हावयाचे ते यानंतर. न्याहारीच्या वेळेपर्यंत हा उद्योग संपे, आणि मग सरकारी कामाला, शिकारीला अगर क्लबात पत्ते खेळावयास दिवस मोकळा.

हिंदुस्थानाशी या लेखनशिस्तीचा एक धागा जुळतो. १८५८ च्या प्रारंभी खात्याने त्यांना मिसर देशी पाठविले. विलायतेहून हिंदुस्थान व ऑस्ट्रेलियाकडे जाणारे टपाल अलेक्झांड्रियापासून सुएझपर्यंत नव्या आगगाडीने न्यावे असा करारमदार तेथील सरकाराशी करावयाचा होता. मुंबईत बोट लागली की विलायती डाकेकडे डोळे लावून बसणाऱ्या साऱ्या पेढ्या, कचेऱ्या आणि बंगले यांचा या वाटाघाटीशी संबंध होता. मिसरच्या बाजूने नूबार बे हे मुत्सद्दी रोज त्यांच्याकडे येत. टपाल चोवीस तासांत वाळवंटापार झाले पाहिजे असा ट्रॉलप यांचा आग्रह, तर नूबार बे अठ्ठेचाळीस तास मागत. अखेर आग्रह ट्रॉलप यांचा टिकला. आणि या साऱ्या धामधुमीत ‘डॉक्टर थॉर्न’ ही कादंबरी चालूच होती. फेब्रुवारीतल्या खवळलेल्या समुद्रात, कागद केबिनच्या मेजावर तसाच टाकून ओकारीसाठी आपल्या खोलीकडे धावावे, आणि परत येऊन वाक्य पुरे करावे, असा प्रकार एकाहून अधिक वेळा झाला. अलेक्झांड्रियात ती कादंबरी एका दिवशी संपली आणि दुसऱ्या दिवशी ‘द बर्ट्रम्स’चा श्रीगणेशा झाला. १८७१ साली ऑस्ट्रेलियाला निघाले तेव्हा तर जहाजाच्या सुताराकडून केबिनमध्ये मेज ठोकवून घेतले, आणि आठ आठवड्यांच्या प्रवासात दर आठवड्याला सहासष्ट पाने या हिशेबाने ‘लेडी अ‍ॅना’ समुद्रावरच लिहून पुरी केली. १८७५ मध्ये अटलांटिकवर त्यांचा सहप्रवासी असलेल्या हेन्री जेम्स या तरुण कादंबरीकाराला हा रोज सकाळचा क्रम पाहून अचंबा वाटला होता.

एवढे लिहिणाऱ्याला वाचावयास सवड कोठून मिळे, असा प्रश्न येईल. शाळेत बारा वर्षे छड्या खाऊनही जी लॅटिन भाषा आली नाही ती त्यांनी प्रौढ वयात स्वतःच्या हौसेने आपलीशी केली, सीझरवर एक छोटे पुस्तक आणि सिसेरोचे दोन खंडी चरित्र लिहिण्याइतकी. एलिझाबेथकालीन आणि त्यानंतरचे जुने इंग्रज नाटककार हा त्यांचा दुसरा नाद. नाटक वाचून संपले की त्याच प्रतीच्या अखेरीस कथानक कसे रचले आहे, पात्र कोठे फसले आहे, याविषयीचा अभिप्राय स्वहस्ते लिहावयाचा असा त्यांचा परिपाठ होता. काव्याच्या बहरापेक्षा त्यांचे लक्ष रचनेच्या सांध्यांवर असे, जसे कारागिराचे दुसऱ्याच्या कामावर असावे. आपल्या पाच हजारांच्या आसपास ग्रंथांचा संग्रह आपणास घोड्यांहून आणि तळघरातील मद्याहूनही प्रिय आहे असे ते म्हणत, आणि ज्याला घोडे व मद्य यांची त्यांना किती आवड होती हे माहीत आहे त्यालाच या म्हणण्याचे मोल कळेल.

वाचकांचे ऐकण्याचीही त्यांची तयारी होती, कधी कधी जरुरीपेक्षा अधिक. लंडनच्या अथेनियम क्लबातील दिवाणखान्यात ते ‘लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’ लिहीत बसले असताना शेजारी दोन पाद्री हातात मासिके घेऊन ट्रॉलपच्या पात्रांची निंदा करीत होते. तीच तीच माणसे हा लेखक पुनःपुन्हा आणतो, विशेषतः ती बिशपची कजाग बायको, मिसेस प्राउडी. ट्रॉलप उठले, त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले, आपणच तो गुन्हेगार असल्याचे सांगितले, आणि आठवड्याच्या आत त्या बाईला ठार करतो असे आश्वासन देऊन घरी गेले. बाई मेली. तिच्या मृत्यूचा त्यांना मागाहून कधी कधी पश्चात्ताप झाला, कारण तिच्या सहवासात त्यांची कितीतरी वर्षे गेली होती. जो माणूस आपल्या पात्राच्या विरहाने असा हळहळतो त्याला यंत्र म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा.

तथापि घड्याळाने त्यांचे काहीच बिघडविले नाही असे म्हणणे म्हणजे वकिली होईल. सत्तेचाळीस कादंबऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक आज अभ्यासकांखेरीज कोणी उघडीत नाही. तीन खंडांचा करार पुरा करण्यासाठी जोडलेली उपकथानके, तीच प्रेमपत्रे, तेच शिकारीचे प्रसंग, यांत पान भरण्याची घाई दिसते. मनात कथा पिकली नसतानाही हात चालविण्याची सोय शिस्तीने करून दिली होती. पण ‘बार्चेस्टर टॉवर्स’, ‘डॉक्टर थॉर्न’ आणि ‘लास्ट क्रॉनिकल’ याही त्याच घड्याळापुढे झाल्या, हे विसरता येत नाही.

१८६७ साली, तेहतीस वर्षांच्या चाकरीनंतर, त्यांनी टपालखात्याचा राजीनामा दिला. लिखाणाची मुदत आणि पहाटेची वेळ मात्र तीच राहिली. उतारवयात हाताला लेखणी धरवेनाशी झाली तेव्हा मजकूर ते आपल्या भाचीला सांगत आणि ती तो उतरून घेई. ३ नोव्हेंबर १८८२ रोजी सायंकाळी मेहुण्याच्या घरी ‘व्हाइस व्हर्सा’ ही नवी विनोदी कादंबरी मोठ्याने वाचली जात असता, पोट धरून हसण्याच्या भरात, त्यांना अर्धांगाचा झटका आला, आणि ६ डिसेंबरला त्यांचे देहावसान झाले. पुस्तक पुरे झाल्याखेरीज त्याचे प्रकाशन सुरू करू नये हा त्यांचा दंडक पूर्वीही क्वचित मोडला होता. यावेळीही तो मोडून ‘द लँडलीगर्स’ ही आयर्लंडवरील कादंबरी एका साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली होती. ठरलेल्या साठ प्रकरणांपैकी एकोणपन्नास लिहून झाली होती. ती तशीच अपुरी छापली गेली. एक पुरी झालेली कादंबरी मात्र दप्तरात तयार होती, आणि ती १८८४ साली निघाली.